टायफॉईडनंतर बारावी सायन्स: पाच-सहा आठवड्यांत काय धरायचं, काय सोडायचं?

बावडेकर
नमस्कार मंडळी. भाचा बारावी सायन्सला आहे, कोल्हापूर बोर्ड. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो. डिसेंबरात टायफॉईड झाला. ताप उतरलाय, गोळ्या अजून चालू आहेत. कॉलेज आणि क्लास दोन्ही तीन आठवडे बुडालं. प्रॅक्टिकल जानेवारीच्या शेवटाला, लेखी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून. ताई म्हणते रात्री जागून भरून काढू दे, दाजी म्हणतात यंदाचं वर्ष सोडून देऊ.
प्रश्न तीनच. दिवसाला किती तास झेपतील? काय सोडलं तर चालेल? प्रॅक्टिकलचं जर्नल अर्धं आहे, त्याचं काय?
'आरोग्य हीच खरी संपत्ती' छापाची उत्तरं नकोत, ती व्हॉट्सअ‍ॅपवर रोज येतात.

कटवडा
भावा, पहिल्यांदा मिसळ बंद कर त्याची. बाकीचं जाणकार सांगतीलच.

औषधवाले काका
अभ्यासाचं मास्तर लोक सांगतील, मी दुखण्याचं सांगतो. ते चुकलं तर वेळापत्रक कितीही चांगलं आखलं तरी कोलमडेल.

ताप उतरला म्हणजे टायफॉईड संपला असं धरू नका. डॉक्टरांनी दिलेला कोर्स, मग तो ७ दिवसांचा असो की १४, शेवटच्या गोळीपर्यंत पुरा करायचा. बरं वाटलं की चौथ्या-पाचव्या दिवशी गोळ्या बंद करणारे घरोघरी आहेत. टायफॉईड उलटतो तो बहुधा बरं वाटल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत, म्हणजे तुमच्या हिशोबानं नेमका प्रॅक्टिकलच्या सुमारास. म्हणून कोर्स संपल्यावरही तीन आठवडे रोज संध्याकाळी थर्मामीटर लावून आकडा कॅलेंडरवर लिहा. १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर डॉक्टरांकडे. घरात उरलेल्या गोळ्या आपल्या मनानं परत सुरू करायच्या नाहीत.

पोटात एकाएकी जोराची कळ, काळी शी, थांबत नाही अशी उलटी, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. आतड्यावरच्या जखमा आजाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात फुटू शकतात. सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) गाठा, नाहीतर जवळचं कुठलंही मोठं रुग्णालय.

'गेला का बघू' म्हणून टायफॉईडची विडाल रक्तचाचणी पुन्हापुन्हा करू नका. ती बरं झाल्यावरही काही महिने पॉझिटिव्ह येऊ शकते. पैसे जातात आणि घर उगाच घाबरतं.

आणि पथ्य म्हणून नुसत्या पेजेवर ठेवलं असेल तर आजच थांबवा. मऊ भात-वरण, उकडलेलं अंडं, घरचं दही, केळं, असं थोडं थोडं दिवसातून पाच वेळा. पोटात काही नसेल तर पोराला पुस्तकासमोर झोप येणारच, त्याला आळशी म्हणू नका.

जर्नलवाली
जर्नलचं मी सांगते. उद्याच्या उद्या पालकांनी कॉलेजात जावं, मुलाला पाठवू नका. बरोबर वैद्यकीय प्रमाणपत्र आणि केसपेपरची झेरॉक्स घ्या. भेटायचं वर्गशिक्षकांना आणि प्रत्येक विषयाच्या प्रॅक्टिकलच्या शिक्षकांना, वेगवेगळं. विचारायचं एवढंच की कोणते प्रयोग राहिलेत आणि दुसऱ्या बॅचबरोबर ते करू द्याल का. जानेवारीत बहुतेक ठिकाणी उजळणीच्या बॅचेस असतात, एखाद्या मुलाला सामावून घेणं अवघड नसतं. फेब्रुवारीत मात्र कुणालाच वेळ नसतो.

गुणांचा हिशोब बघा. फिजिक्स, केमिस्ट्री, बायो प्रत्येकी ३० आणि मॅथ्सचे अंतर्गत २०, म्हणजे ११० गुण लेखीच्या आधीच ठरतात. एवढ्या कमी कष्टात दुसरे गुण नाहीत. पर्यावरणचा प्रोजेक्ट आणि इंग्रजीची तोंडीही विसरू नका, आजारी मुलांच्या त्याच नेमक्या राहतात.

मित्राच्या वहीतली रीडिंगं जशीच्या तशी उतरवू नका. तोंडीत परीक्षक पहिलं विचारतात, 'हे रीडिंग कसं आलं?' तिथंच कळतं. मित्राची रीडिंगं घ्यायचीच तर आकडेमोड आणि आलेख तरी स्वतः करायला लावा.

केमिस्ट्रीत टायट्रेशनवर एक तास घालवा, तो वसूल होतो. ऑक्झॅलिक अ‍ॅसिड असेल तर फ्लास्क ६० ते ७० अंशांपर्यंत गरम करूनच परमँगनेट सोडायचं. थंड असलं तर सुरुवातीला रंग लवकर जात नाही, मुलगा गोंधळतो. मोहर सॉल्ट असेल तर गरम करायचं नाही. सल्फ्युरिक अ‍ॅसिड कमी पडलं की द्रावण तपकिरी होतं, मग ते ओतून परत सुरुवात. आणि शेवट म्हणजे फिकट गुलाबी, टिकणारा. जांभळा दिसला म्हणजे पुढे गेलात.

अशक्त मुलाला तीन तास उभं राहवत नाही. स्टूल मागायला लाजू नका म्हणावं, आधी सांगितलं की मिळतं.

रंकाळा_पूर्व
आणि त्या दिवशीच परत ताप आला तर? प्रॅक्टिकल हुकलं की वर्ष गेलं असं ऐकलंय.

जर्नलवाली
नाही जात. आजारपणामुळे प्रॅक्टिकल, तोंडी किंवा अंतर्गत मूल्यमापन हुकलेल्यांसाठी बोर्ड 'आउट ऑफ टर्न' परीक्षा ठेवतं. अर्ज कॉलेजमार्फतच जातो, आपण थेट बोर्डात जाऊन उपयोग नाही. प्रमाणपत्रावर तारखा स्वच्छ हव्यात: कधीपासून कधीपर्यंत आजारी, निदान काय, सही-शिक्का आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक. ज्या दिवशी हुकलं त्याच दिवशी कॉलेजला लेखी कळवा आणि पोच घ्या.

पेठेतला
पोच घ्याच ओ. तोंडी सांगितलेलं हितं कुणाच्या ध्यानात ऱ्हात न्हाई.

दसरा चौक
आता काय सोडायचं. फिजिक्सचा पेपर समोर ठेवून बोलूया.

विभाग अ: १० बहुपर्यायी आणि ८ एका गुणाचे, सगळे सक्तीचे, १८ गुण. ब: दोन गुणांचे १२ पैकी ८. क: तीन गुणांचे १२ पैकी ८. ड: चार गुणांचे ५ पैकी ३. बेरीज करा. छापलेले प्रश्न ९८ गुणांचे आणि सोडवायचे ७०. म्हणजे २८ गुणांची मुभा बोर्डानंच दिलीय. केमिस्ट्रीलाही हाच साचा. मॅथ्सला ८० पैकी २० सक्तीचे, मग दोन गुणांचे १२ पैकी ८, तीन गुणांचे १२ पैकी ८ आणि शेवटी चार गुणांचे ८ पैकी ५.

फिजिक्सच्या १६ प्रकरणांत विकल्प धरून ७ गुणांची सहा आहेत: रोटेशनल डायनॅमिक्स, फ्लुइड्स, कायनेटिक थिअरी, थर्मोडायनॅमिक्स, वेव्ह ऑप्टिक्स आणि इलेक्ट्रोमॅग्नेटिक इंडक्शन. बाकीची ५ किंवा ६ ची.

डिसेंबरात वर्गात बहुधा शेवटची प्रकरणं चालतात. भाच्याचंही तसंच असेल तर ड्युअल नेचर, अ‍ॅटम्स अँड न्यूक्लाय आणि सेमीकंडक्टर बुडालंय. ही तीन मिळून १६ गुण, आणि तिन्ही छोटी, मागचं फारसं न लागणारी. घरातले लोक नेमकं हेच सोडायला सांगतात, 'शिकवलेलंच ऐकलं नाही' म्हणून. उलट करा. बुडालेलं आधी करा, प्रत्येकी दीड दिवस. सोडायचंच असेल तर ऐकलेलं पण जड जाणारं सोडा. माझ्या मते रोटेशनल आणि थर्मो. १४ गुण गेले, ८४ हातात राहिले.

लॉगटेबल
दसरा चौक, गणित बरोबर पण निवड पटली नाही. रोटेशनल सोडलं तर त्यातला बहुपर्यायी किंवा एका गुणाचा प्रश्न जातोच, कारण विभाग अ ला विकल्प नाही. शिवाय हा भाग सीईटीला (इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेला) हमखास आहे. सीईटीत ८० टक्के बारावीचं असतं आणि तिथं प्रश्न निवडायची सोय नाही.

प्रकरण आख्खं सोडण्यापेक्षा प्रकरणातले प्रकार सोडा. रोटेशनलमध्ये रस्त्याचं बँकिंग, कॉनिकल पेंड्युलम, उभं वर्तुळ, समांतर आणि लंब अक्षाची प्रमेयं, घरंगळणारी वस्तू, एवढ्या सिद्धता लिहून पाठ करायच्या आणि लांबलचक गणितं सोडून द्यायची. दोन बैठकांत होतं. थर्मोतही पहिला नियम, आयसोथर्मल आणि अ‍ॅडियाबॅटिक प्रक्रिया, कार्नो चक्राची आकृती, बास.

दसरा चौक
मान्य, सीईटी द्यायची असेल तर तुमचंच बरोबर. पण ज्याला अजून तासभर बसवत नाही त्याला सगळीकडून थोडं थोडं दिलं की हाती काही लागत नाही. बावडेकर, सीईटी की मेडिकलची नीट परीक्षा, ते सांगा.

बावडेकर
सीईटी. इंजिनिअरिंगला जायचंय, बायो घेतलाय म्हणून आहे.

लॉगटेबल
मग जीव भांड्यात पडू द्या. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स या तीन विषयांत मिळून ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४०. बाकी जागा ठरते सीईटीवर. बोर्डात ९० चा हट्ट यंदा नको. बायोला पास होण्यापुरतं आणि थोडं वर, एवढंच बघा. सुटलेला वेळ मॅथ्सला, कारण सीईटीत मॅथ्सच्या प्रश्नाला २ गुण असतात, बाकीच्यांना १.

आंबाबाईची_लेक
ड्रॉपचा विषय कुणी नीट बोललंच नाही. फॉर्म भरलाय, फी भरलीय, तर परीक्षेला बसवाच. एखाद-दुसरा पेपर गेला तर जून-जुलैला पुरवणी आहे. पास होऊन गुण कमी वाटले तर श्रेणीसुधार योजनेतून परत बसता येतं. वर्ष सोडायचा निर्णय निकालानंतरही घेता येतो. आत्ता घेतला तर पोरगं उद्यापासून पुस्तकाला हात लावणार नाही, आणि मग सीईटीही गेली.

कटवडा
दाजींना दाखव हे. फक्त जेवल्यावर दाखव.

रातराणी
तासांबद्दल. रात्री जागणं पूर्ण बंद, दहा ते सहा झोप आणि दुपारी अर्धा तास. वाचलेलं झोपेत पक्कं होतं, झोप कापून वाचलेलं दुसऱ्या दिवशी अर्धं गायब.

सुरुवात अशी. पहिला आठवडा ३ तास: सकाळी दोन आणि संध्याकाळी एक, प्रत्येक बैठक ३० मिनिटांची, मध्ये १० मिनिटं उठून चालायचं. दुसरा आठवडा ५ तास, बैठक ४० मिनिटांची. तिसऱ्यापासून ६ ते ७, त्याच्या वर नेऊ नका. काकांनी सांगितलेला संध्याकाळचा आकडा वाढला किंवा जिना चढताना धाप लागली, तर एक पायरी खाली यायचं, दोन दिवस.

बसायचं खुर्चीवर, पलंगावर नाही. पलंगावर फक्त ऐकायचं: सिद्धतांच्या पायऱ्या, बायोच्या व्याख्या मोबाईलवर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून.

प्रत्येक बैठकीची शेवटची दहा मिनिटं पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहायचं. लिहिता येईना, तिथं दुसऱ्या दिवशी परत. पिवळ्या हायलायटरनं पुस्तक रंगवून काही होत नाही.

औषधवाले काका
रातराणींना एक जोड. सर्दीसाठी सेट्रिझिनसारखी गोळी घेत असेल तर ती रात्रीच. सकाळी घेतली की दिवसभर डोकं जड.

शेंडा पार्क
विषय निघालाय म्हणून सांगतो, उसाचा रस पाजू नका. हंगाम चालू आहे, कुणीतरी गुऱ्हाळावरून कॅन भरून आणतंच, 'ताकद येते' म्हणून. आणि गाड्यावरच्या रसातला बर्फ कुठल्या पाण्याचा, हे देवाला ठाऊक.

पेठेतला
काविळीला तर उसाचा रसच औषध हाय की ओ. आणि माळ घालत्यात गळ्यात, ती लांब होत जाती तशी कावीळ उतरती.

औषधवाले काका
माळ लांब होते कारण ती वाळते आणि गाठी सैल पडतात, कावीळ असो नसो. साधी कावीळ विश्रांतीनं आपली आपण उतरते आणि श्रेय माळेला जातं. उसाचा रस औषध नाही, आणि दूषित बर्फातून उलट कावीळ मिळू शकते. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची केवढी मोठी साथ पाण्यातून आली, ते इथल्या लोकांना सांगायला नको. काविळीत पॅरासिटॅमॉलसुद्धा डॉक्टरांना विचारूनच.

शेंडा पार्क
पाण्याचं निघालंच आहे तर थेट पाईपलाईनचं पाणी आलं म्हणून लोक निर्धास्त झालेत. धरणातून चांगलं येईल, पण सोसायटीची टाकी शेवटची कधी धुतली? खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट ठेवा आणि झाकून त्याच भांड्यात गार करा. परीक्षेच्या दिवशीही घरचीच बाटली. केंद्रावरचं पाणी नको.

करवीरकर
धागा पाण्यावर गेला की शंभर प्रतिसाद नक्की. परत अभ्यासाकडं या.

बावडेकर
सगळ्यांचे आभार. कॉलेजात जाऊन आलो. फिजिक्सचे चार आणि केमिस्ट्रीचे तीन प्रयोग राहिलेत, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या बॅचबरोबर करून घेतो म्हणाले. पूर्वपरीक्षा मात्र सोमवारपासून आहे. द्यायला लावू का? आणि केमिस्ट्री-मॅथ्सचं कुणी सांगेल का?

दसरा चौक
पूर्वपरीक्षेला सगळे पेपर देऊ नका. कॉलेजची परवानगी काढून फक्त फिजिक्स आणि मॅथ्स द्या, बाकीच्या प्रश्नपत्रिका मागून आणा. हेतू गुण नाही, हात. महिनाभर पेन न धरलेला हात दीड तासात दुखायला लागतो आणि शेवटचा विभाग ड कोरा राहतो. घरी पहिल्या आठवड्यात ४० मिनिटं सलग लेखन, मग दीड तास, मग तीन. सराव सकाळी ११ लाच, कारण पेपर त्याच वेळी असतो.

फिजिक्सची वाटणी: अ ला २५ मिनिटं, ब ला ४०, क ला ६५, ड ला ३५. झाली १६५. उरलेली १५ आणि शेवटी वाढवून मिळणारी १० तपासायला. बहुपर्यायीत पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहायचं, आणि पहिलं लिहिलेलंच धरतात, खोडून दुसरं लिहिलं तरी. येत नसेल तरी कोरं सोडू नका, वजा गुण नाहीत.

लॉगटेबल
आणि माझं नाव काढल्याशिवाय धागा कसा संपेल: कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. आजारपणानंतर सगळ्यात आधी आकडेमोडीचा वेग जातो. रोज फक्त १० गुणाकार-भागाकार लॉगनं. अँटिलॉग बघताना आधी दशांश चिन्हाची जागा ठरवायची, तिथंच तीन गुणांचं गणित बुडतं.

मॅथ्समध्ये लवकर हाती येणारं: लॉजिक, मॅट्रिक्स, एलपीपी (लिनिअर प्रोग्रॅमिंग), सरळ रेषांची जोडी, प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशन, बायनोमिअल. एलपीपीचा आलेख पेन्सिलीनं, मापन लिहून आणि रेघा मारलेला भाग दाखवून. इंटिग्रेशन मात्र सोडायचं नाही. ते गेलं की डेफिनिट इंटिग्रल, क्षेत्रफळ आणि डिफरन्शियल इक्वेशन, सगळं मागोमाग गेलं. वेळ कमी असेल तर व्हेक्टर आणि लाइन-प्लेनमधली लांब गणितं सोडा.

जर्नलवाली
केमिस्ट्री: पॉलिमर, ग्रीन केमिस्ट्री, बायोमॉलिक्युल्स आणि सॉलिड स्टेट ही चार वाचून होणारी, दुपारच्या सुस्तीतही झेपतात. सकाळच्या ताज्या वेळेत सोल्युशन्स, इलेक्ट्रोकेमिस्ट्री आणि कायनेटिक्सची गणितं. ऑरगॅनिकमधल्या नावाच्या अभिक्रिया एका कागदावर: विल्यमसन, राइमर-टीमान, कॅनिझारो, आल्डॉल, क्लेमेन्सन, गॅब्रिएल, हॉफमन, सँडमायर. बाणावरचा अभिकारक आणि तापमान लिहिलं नाही की गुण कापतात, नुसती नावं पाठ करून भागत नाही.

आणि हो, पहिला पेपर इंग्रजीचा असतो. सगळे शास्त्रात बुडालेले असतात आणि इंग्रजीला आदल्या रात्री आठवण येते. लेखनकौशल्याचे नमुने आठवड्यातून दोन, आत्तापासून.

रंकाळा_पूर्व
शहरातली एखादी अभ्यासिका लावू का? घरात पाहुणे फार येतायत बघायला.

रातराणी
आत्ता नको. बंद खोलीत खोकणारी तीस मुलं आणि बाहेरचा चहा-वडा, त्याच्या पोटाला आणि अशक्तपणाला दोन्ही वाईट. पाहुण्यांना संध्याकाळी सहा ते सात एवढीच वेळ द्या आणि फळं खाली ठेवून जा म्हणा.

कटवडा
कोल्हापुरात पाहुण्याला वेळ देणार? भावा, त्यापेक्षा थर्मोचं प्रकरण सोपं हाय.

बावडेकर
दरवाज्यावर पाटी लावलीय, बघू. काका, पेपरच्या दिवशी अंगात थोडी कणकण असली तर पॅरासिटॅमॉल देऊन पाठवायचं का?

औषधवाले काका
९९-१०० असेल आणि बाकी ठीक असेल तर नाश्त्यानंतर, निघायच्या तासभर आधी एक गोळी, डॉक्टरांनी त्याला सांगितलेल्या मात्रेची. दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर. सकाळी आठ चाळीसला घेतली तर पेपर सुटेपर्यंत दुसरी लागत नाही. केंद्रावर साडेदहाला हजर राहायचं असतं, म्हणून बावड्यातून नऊ चाळीसला निघा, केएमटी बसच्या भरवशावर नको. पारदर्शक बाटलीत ओआरएस न्यायला चालेल का ते आदल्या दिवशी केंद्रात विचारा. पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात घालायचं, अर्ध्या बाटलीत पूर्ण पाकीट ओतू नका. १००.४ च्या वर असेल तर गोळी देऊन पाठवण्याआधी डॉक्टरांना फोन, आणि फोन झाल्यावर लगेच कॉलेजला.